देव्हाऱ्यातलं पाणी

तोकुनागा मांजरांना विष घालतो, हे त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. पाहिलं मात्र कुणीच नव्हतं.

समुद्राकडे उतरणाऱ्या त्या टेकडीवर रस्ता नाही, नुसत्या पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांना चिकटून घरं. माणसांपेक्षा मांजरं जास्त. अशा ठिकाणी ज्याला मांजरं खपत नाहीत त्याने घर तरी विकावं नाहीतर तोंड तरी बंद ठेवावं. तोकुनागाला दोन्ही जमलं नाही. मांजरं बिचकावीत म्हणून त्याने कुंपणाच्या भिंतीवर पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. मांजरं त्या बाटल्यांना खुशाल अंग घाशीत आत जात आणि त्याच्या कांद्याच्या पातीच्या वाफ्यात आपले विधी उरकून येत. एकदा भर पायऱ्यांवर उभा राहून तो ओरडला होता की एक दिवस एकेकाचा बंदोबस्त करतो. तेवढं पुरलं. उन्हाळा सरता सरता हामासाकीबाईंची राखाडी मांजरी ओकून ओकून मेली, त्याच आठवड्यात तांदळाच्या दुकानातला बोकाही गेला, आणि गल्लीने निकाल लावून टाकला.

त्याला कुणी जाब विचारला नाही. तिकडे तशी पद्धत नाही. कचरा टाकायच्या वारापासून जत्रेच्या वर्गणीपर्यंत सगळ्या सूचनांचे कागद लावलेली एक फळी तिथे या दारातून त्या दारात हातोहात फिरते. ती फळी तोकुनागाचं दार टाळून पुढे जायला लागली. पहिल्यांदा टाळली ती मिचिए शिओमीने. तिचं घर त्याच्या अलीकडचं, म्हणजे फळी त्याला द्यायची तिनेच. एका संध्याकाळी ती त्याच्या फाटकापाशी थांबली, बाटल्यांकडे पाहिलं, आणि सरळ पुढे जाऊन हामासाकीबाईंच्या हातात फळी ठेवली. हामासाकीबाईंनी नुसती मान हलवली. पुढच्या वेळेला मान हलवायचीही गरज उरली नाही.

मिचिए स्वभावाने वाईट नव्हती. पण तिचं मन तेव्हा ताळ्यावर नव्हतं. तिचा नवरा कात्सुनोरी नुकताच गेला होता. बेटांवर जाणाऱ्या बोटीचा तो कॅप्टन होता, आणि अंत्यविधीला बोटीच्या मंडळींनी इतकी पांढरी फुलं पाठवली की शवपेटी दिसेना. विधी उरकल्यावर रीतीप्रमाणे ती फुलं मिचिएने गल्लीतल्या बायकांना वाटली. मेलेल्या माणसाची फुलं एकट्याने घरी ठेवू नयेत, चार घरी गेली की त्याचा प्रवास हलका होतो म्हणतात. मूलबाळ नव्हतं. मागे राहिला तो इकारी, बोटीवरच सापडलेला पांढरा बोका, आता चांगलाच म्हातारा. इकारी म्हणजे बोटीचा नांगर. नाव कात्सुनोरीने ठेवलेलं, आणि आता ते मिचिएच्या बाबतीत अक्षरशः खरं झालं होतं. सकाळी तो पायाशी आला नसता तर ती अंथरुणातून उठली नसती.

तिकडे घरातल्या मृतांचाही देव्हारा असतो. रोज सकाळी ती त्या देव्हाऱ्यात नवऱ्याच्या फोटोपुढे ताजं पाणी आणि वाफाळता भात ठेवायची, घंटी वाजवायची, आणि कालचं पाणी खाली उतरवायची. देव्हाऱ्यातून उतरलेलं फेकायचं नसतं, ते घरातल्यांनी घ्यायचं. भात ती खायची. पाण्याचा पेला ती इकारीपुढे ठेवायची आणि म्हणायची, "घ्या, कॅप्टनसाहेबांकडून आलंय." तो लपलप करून प्यायचा. नवरा-बायकोत तेवढं एकच बोलणं उरलं होतं आणि ते मांजराच्या जिभेवरून चालायचं.

मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी शनिवारी झाला. नणंद फुमिए क्योतोहून आली, येताना पांढऱ्या लिलींचा हातभर लांब भारा घेऊन आली. भावाला लिली आवडायची, असं ती म्हणाली. कात्सुनोरीला आयुष्यात एका फुलाचं नाव धड सांगता आलं नव्हतं, पण अशा वेळी कोण कुणाला खोडतं. मिचिएने उमललेल्या दांड्या देव्हाऱ्यात लावल्या. लिलीचे केशरी पराग कापडाला लागले की डाग जन्मात निघत नाही, म्हणून कागदाच्या चिमटीने एकेका फुलातले पराग तिने उपटून काढले. थोडे खाली सांडले, ते फुंकर मारून उडवले. कळ्यांच्या दांड्या उरल्या होत्या, त्या पाहुणे गेल्यावर तिने हामासाकीबाईंना आणि तांदळाच्या दुकानात नेऊन दिल्या. तोकुनागाला अर्थातच नाही.

रात्री इकारीच्या पांढऱ्या हनुवटीला काहीतरी केशरी लागलेलं तिला दिसलं. नैवेद्यात भोपळ्याची भाजी होती. "चोरा," ती म्हणाली आणि हसली. कित्येक दिवसांनी हसली. त्याने पंजा चाटून तोंड स्वच्छ पुसून घेतलं. सकाळी पाण्याचा पेला उतरवताना वर काहीतरी बारीक तरंगत होतं. उदबत्तीची राख असेल, असं म्हणून तिने पेला खाली ठेवला. "घ्या, कॅप्टनसाहेबांकडून."

दुपारपर्यंत इकारी ओकला. मग परत ओकला. मग नुसता फेस.

राखाडी मांजरी अशीच गेली होती. ती तशीच चपला अडकवून बाहेर आली, आणि तोकुनागाच्या भिंतीच्या कडेला, पायरीच्या कोपऱ्यात, तिला माशाच्या वडीचे तुकडे दिसले. सुरीने नीट कापलेले. तिला दुसरा पुरावा नको होता. तिने एक तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घातला, गाठ मारली. गाठ मारत असतानाच फाटक वाजलं आणि तोकुनागा बाहेर आला, हातात पात कापायची कात्री. त्याने तिच्या अंगावरच्या ओकारीच्या डागाकडे पाहिलं.

"मांजर आजारी आहे का?"

तिने पिशवी मागे घेतली.

"पुलापलीकडे डॉक्टर आहे जनावरांची. रविवारीही असते. गाडी खाली उभी आहे, आत्ताच्या आत्ता नेऊ या. अशा गोष्टीत वाट बघू नये, शिओमीसान."

त्याला बरी घाई, असं तिच्या मनात आलं. ज्याने घातलं तोच उतारा द्यायला निघाला. वाटेत गाडीत काय करील कोण जाणे. आमच्या घरचं आम्ही बघू, असं काहीसं पुटपुटून ती आत गेली आणि दाराला कडी लावली. काचेतून पाहिलं तर तो बराच वेळ तिथेच उभा होता, कात्री तशीच हातात. त्या कात्रीची तिला भीती वाटली.

तिने फुमिएला फोन केला. फुमिएला सगळं येतं. तिने ठासून सांगितलं की विष पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजायचं, सगळं बाहेर पडतं, आमच्या आईने कुत्र्याला असंच वाचवलं होतं. मिचिएने मांडीत इकारीला दाबून धरलं आणि चमच्याने मिठाचं पाणी घशात ओतलं. त्याने तिला आजवर कधी ओरबाडलं नव्हतं, त्या दिवशी ओरबाडलं. मग तो खरंच खूप ओकला आणि थकून पडला.

सोमवारी त्याचं ओकणं थांबलं. मिचिएने देव्हाऱ्यापुढे हात जोडून नवऱ्याचे आभार मानले. इकारी थोडं पाणी प्यायला आणि न्हाणीघरातल्या गार फरशीवर जाऊन निजला. निजू दे, ती म्हणाली, दमलाय बिचारा. दिवसभर तो तिथून हलला नाही. दिवसभर ती खिडकीत बसून शेजारच्या फाटकावर नजर ठेवून होती, पिशवीतला तुकडा फ्रीजमध्ये जपून ठेवलेला. शत्रू कुठून येतो ते तिला पक्कं ठाऊक होतं आणि ती त्याच बाजूला तोंड करून बसली होती. देव्हाऱ्यात आणखी दोन लिली उमलल्या. घरभर तो गोड, जड वास भरून राहिला.

मंगळवारी सकाळी तिने इकारीची वाळूची पेटी साफ करायला घेतली आणि तिथेच थबकली. वाळू कोरडी होती. कालही कोरडीच होती, आता आठवलं. तो फरशीवर होता तसाच होता, पण मान टाकलेली, आणि तोंडाला विचित्र वास. तिने त्याला चादरीत गुंडाळलं, पिशवी घेतली आणि पायऱ्या उतरायला लागली. बस नुकतीच गेली होती. खाली गाडीपाशी तोकुनागा होता. त्याने काही न विचारता दार उघडलं, आणि या खेपेला ती बसली. बुडत्याला काडी लागते, ती कुणाच्या वाफ्यातली आहे हे बघायला वेळ नसतो.

पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. तोकुनागाचं लक्ष तिच्या मांडीवरच्या पिशवीकडे गेलं.

"ते काय?"

"तुम्हाला माहीत आहे," मिचिए म्हणाली. "तुमच्या भिंतीपाशी सापडलं. डॉक्टरांना दाखवणार आहे."

मग त्याने हात लांब करून पिशवी घेतली, दातांनी गाठ सोडली आणि तो तुकडा तोंडात टाकला. तिच्याकडे न पाहता सावकाश चावून गिळला.

"रोज मीच ठेवतो," तो म्हणाला. "तिथे खाल्लं की माझ्या वाफ्यात येत नाहीत. म्हणजे येतात, पण कमी."

पुढच्या गाड्या हलल्या, त्याने गिअर टाकला. विषाची परीक्षा कुणी घेऊ नये म्हणतात. या माणसाने ती तिच्या डोळ्यांदेखत घेतली होती, आणि तिच्या मांडीवरचं मांजर तरीही मरत होतं. म्हणजे विष दुसरीकडे होतं.

डॉक्टर सेरिझावा बुटकी, झोप न झालेल्या चेहऱ्याची बाई होती. तिने इकारीचं पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या, रक्त घेतलं. शेवटचं लघवीला कधी गेला, हे विचारलं. मग काय पाजलं ते विचारलं. मिठाच्या पाण्याचं ऐकल्यावर तिने क्षणभर डोळे मिटले.

"विष गेलंय असा नुसता संशय आला तरी लगेच फोन करायचा असतो," ती म्हणाली. "काय खाल्लं ते सोबत आणायचं आणि घरी काहीही पाजायचं नाही. ओकणं थांबलं की माणसांना वाटतं बरं वाटलं. तेव्हाच मूत्रपिंडं बंद पडायला लागलेली असतात." इकारीची हनुवटी उचलून तिने दिव्याखाली धरली. केसांच्या मुळाशी केशरी कडा अजून होती. "घरात लिली आहेत का?"

मिचिएने मान डोलावली.

"पराग चाटला असेल. किंवा फुलांचं पाणी प्यायला असेल."

"देव्हाऱ्यातलं पाणी," मिचिए म्हणाली. "रोज मीच पाजते."

डॉक्टरने सुई लावली, सलाइन सुरू केलं. उशीर झालाय, म्हातारा आहे, प्रयत्न करते, एवढंच सांगितलं. मिचिए टेबलाला धरून उभी राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण तिच्या काखेतला कळसा विषाचा होता आणि तिने तो देव्हाऱ्यात ठेवून त्याला नमस्कार केला होता. तिने इकारीच्या कपाळावर बोट ठेवलं. त्याने डोळे उघडले नाहीत, पण कान हलला. त्या कानासाठी ती दिवसभर तिथे उभी राहिली असती.

"बाकीच्या लिली आजच टाकून द्या," डॉक्टर हात धुता धुता म्हणाली. "शेजारीपाजारी कुणाकडे मांजर असेल तर त्यांनाही सांगा. एक पाकळी पुरते."

आणि मग मिचिएच्या ते सगळं एकदम लक्षात आलं. शनिवारी वाटलेल्या कळ्या नव्हेत, त्याच्याही आधीची फुलं. उन्हाळ्याच्या शेवटी, शवपेटी झाकून टाकणारी पांढरी फुलं, त्यांतही लिलीच होत्या, जी तिने स्वतः घरोघर नेऊन दिली होती. हामासाकीबाईंना दिली. तांदळाच्या दुकानात दिली, दुकानदाराने ती गल्ल्याशेजारी बाटलीत लावली, तिथेच त्याचा बोका झोपायचा. आणि त्याच आठवड्यात दोन्ही मांजरं गेली. गल्लीत विष घालणारं कुणी असेलच तर ते दर वेळी तिच्या दोन्ही हातांतून, वाकून नमस्कार करून, दिलं गेलं होतं.

तिने तोकुनागाला सांगितलं. तो दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याने तिला अर्ध्यावरच थांबवलं.

"हामासाकीसाननी नवं पिल्लू आणलंय," तो म्हणाला. "परवा माझ्या वाफ्यात होतं."

मिचिएने फोन लावला. वाजत राहिला. हामासाकीबाई सकाळी मासळीच्या बाजारात असायच्या, दुपारी परतायच्या, आणि मोबाइल जवळ बाळगणं त्यांना पटत नसे. शनिवारी त्यांना दिलेल्या कळ्या एव्हाना उमललेल्या असणार. तांदळाच्या दुकानात आता मांजर नव्हतं.

"तुम्ही जा," मिचिए म्हणाली. "मागचं दार उघडं असतं त्यांचं. फुलं उचलायची आणि बाहेर यायचं. मी याला सोडून येऊ शकत नाही, तोकुनागासान. याला माझ्याशिवाय कुणी नाही."

तोकुनागा जागचा हलला नाही.

"जाईन," तो म्हणाला. "पण मी त्या घरात शिरल्याचं कुणी पाहिलं, आणि ते पिल्लू संध्याकाळी मेलं, तर? अहो, माझ्याकडे फळीसुद्धा येत नाही."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर तिला सोपं गेलं असतं. तिने इकारीकडे पाहिलं, थेंब थेंब पडणाऱ्या सलाइनकडे पाहिलं. तिच्याच पायांनी टाळलेलं ते दार आता तिला इथून उठवत होतं. तिने वाकून इकारीच्या कानात सांगितलं की आलेच, आणि निघाली. हे तिने आयुष्यभर स्वतःला माफ केलं नाही.

पायऱ्या चढताना ती दोनदा बसली. तोकुनागा मागे थांबायचा, हात द्यायचा नाही. हामासाकीबाईंच्या घरात मागून शिरताच तो गोड वास आला. लिली खोलीच्या कोपऱ्यात होत्या, मेलेल्या राखाडी मांजरीच्या फोटोपुढे. चारही कळ्या पूर्ण उमललेल्या, पराग कुणी काढलेला नाही. फुलदाणी आडवी पडली होती, चटईवर पाणी, आणि त्या ओल्यात बसून मुठीएवढं करडं पिल्लू पाकळीशी खेळत होतं. तिने त्याला उचललं. नाक केशरी झालं होतं.

नळाखाली त्याचं तोंड आणि पंजे चोळून धुतले, त्याला चाटू न देता टॉवेलात गुंडाळलं, एक फूल पिशवीत घातलं. या खेपेला काय न्यायचं ते तिला माहीत होतं. पिल्लू तोकुनागाच्या हाती देऊन ती बाकीची फुलं गोळा करायला वळली. फुलं घेऊन बाहेर आली तर पायऱ्यांवर हामासाकीबाई उभ्या होत्या, पाठीवर मासळीची टोपली. त्या तोकुनागाकडे बघत होत्या. त्याच्या हातातल्या टॉवेलाकडे, त्यातून बाहेर आलेल्या ओल्या शेपटीकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. वरच्या घराची खिडकी सरकली, मग समोरच्या घराची.

तोकुनागा वाट बघत होता, आणि कुणाच्या बोलण्याची वाट बघतोय हे मिचिएला कळलं.

"त्यांनी नाही," ती म्हणाली. खिडक्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "मी, हामासाकीसान. माझ्या फुलांनी. तुमची राखाडीसुद्धा माझ्याच फुलांनी गेली."

हामासाकीबाईंनी टोपली खाली ठेवली. त्यांनी तिच्या हातातल्या लिलींकडे पाहिलं, मग आत फोटोच्या दिशेने पाहिलं. "ती त्या फुलदाणीतलं पाणी प्यायची," त्या हळूच म्हणाल्या. "मी म्हणायचे, तहान लागली असेल."

त्यांनी तोकुनागाकडून पिल्लू घेतलं नाही. गाडीपर्यंत त्यानेच न्यावं म्हणून त्या नुसत्या बाजूला झाल्या, आणि त्याच्या मागून पायऱ्या उतरल्या. गाडीत त्या मागे बसल्या. मिचिएशी एक शब्द बोलल्या नाहीत. नंतरही बरेच महिने बोलल्या नाहीत.

पुलावर मिचिएच्या पिशवीत फोन वाजायला लागला. दवाखान्याचा नंबर. तिने तो पाहिला आणि तसाच वाजू दिला.

"उचला," तोकुनागा म्हणाला.

तिने उचलला. डॉक्टर सेरिझावाने फार शब्द वापरले नाहीत. नुकतंच, त्रास न होता, मी जवळ होते, एवढंच. मिचिएने ऐकून घेतलं. खाली पाण्यावरून बेटांकडे जाणारी बोट चालली होती. मागच्या सीटवर टॉवेलातलं पिल्लू बारीक आवाजात ओरडत होतं.

"टेबल रिकामं करून ठेवा," ती डॉक्टरला म्हणाली. "आम्ही अजून एक घेऊन येतोय. लिलीच. याला आत्ताच लागलीय, आणि घरी आम्ही काहीही पाजलेलं नाही."